अस्वलघरातली अदलाबदल

१

मेलेलं अस्वल जिवंत असल्याची बातमी गुरुवारी सकाळी आली, आणि प्राणिसंग्रहालयाच्या कचेरीत कपातला चहा कपातच निवला.

बातमी पाठवली होती वन्यप्राण्यांच्या निवारा केंद्राने. शहरापासून दिवसभराच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी ते केंद्र होतं. पत्र चार ओळींचं. सोमवारी तुम्ही पाठवलेली अस्वलाची मादी मिळाली. कागदावर ती बारा वर्षांची आणि ठणठणीत आहे. प्रत्यक्षात तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, तोंडात एक दाढ शिल्लक नाही आणि मूत्रपिंडं जवळपास निकामी आहेत. तरी खुलासा करावा. सोबत एक फोटो.

अशी आंधळी, बोळकी मादी शहराच्या संग्रहालयात एकच होती. तिचं नाव थोरली. आणि थोरलीला तर मंगळवारी सकाळी कायमच्या झोपेची सुई देऊन मागच्या कुंपणालगत पुरून झालं होतं. वर चुना पडला होता, रजिस्टरात नोंद झाली होती, अधीक्षकांनी दोन मिनिटं शांत उभं राहून हळहळही व्यक्त केली होती. अस्वलघरात अस्वलं दोनच, थोरली आणि धाकटी. थोरली जर डोंगराच्या पायथ्याशी गवतावर पडली असेल, तर खड्ड्यात कोण होतं हे वेगळं सांगायला नको होतं.

शुक्रवारी सकाळी अधीक्षकांनी डॉक्टरीणबाईंना गाडी पाठवली.

डॉक्टरीणबाई या संग्रहालयाच्या सव्वीस वर्षं डॉक्टर होत्या. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत त्यांनी दोनच कामं केली होती, गुडघ्याचं ऑपरेशन आणि शेजाऱ्यांशी भांडण. प्राणिकल्याण समितीवर मात्र त्यांचं नाव अजून होतं. आणि दोन अस्वलांतली कोणती कोण, हे डोळे मिटून सांगू शकणारी माणसंही जगात दोनच होती. एक डॉक्टरीणबाई, दुसरे अस्वलांचे रखवालदार. रखवालदारांना सगळं संग्रहालय मामा म्हणायचं.

बाईंनी फोटो हातात घेतला आणि लगेच टेबलावर ठेवला.

"थोरलीच."

"नक्की?" अधीक्षक म्हणाले.

"सव्वीस वर्षं तिचं तोंड बघितलंय मी. घरच्यांचं इतकं बघितलेलं नाही."

अधीक्षकांनी कपाळावरचा घाम पुसला. पंखा वर फिरत होता तरी पुसला. मग त्यांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढून बाईंसमोर सरकवला. नव्या डॉक्टरच्या निलंबनाचं पत्र होतं ते. "पाच वाजता समिती बसतेय. सुई त्यानं दिली, चूक त्याची. सहीच काय ती बाकी आहे. एकदा असं निलंबन झालं की कुठलं प्राणिसंग्रहालय त्याला दारात उभं करणार? पण माझा नाइलाज आहे."

"तुमचा नाइलाज फार लवकर होतो हो," बाई म्हणाल्या. "पाचपर्यंत तो कागद खणातच राहू दे. मामा कुठायत?"

"रजेवर. बहिणीच्या गावी. आज चारपर्यंत येतील. त्यांच्याकडे फोन नाही, तुम्हाला ठाऊकच आहे." अधीक्षकांनी आवाज खाली आणला. "बाई, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. थोरलीला सुई द्यायची होती, हेसुद्धा."

ते बाईंना माहीत होतं. सुईची गोष्ट समितीतल्या सहा जणांना आणि नव्या डॉक्टरला माहीत होती. मामांच्या कानावर ती जाऊ द्यायची नाही, असं सुईचा निर्णय झाला त्याच बैठकीत ठरलं होतं.

२

नवा डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. तिशीही न गाठलेला मुलगा. नोकरीवर येऊन त्याला सोळा दिवस झाले होते, आणि दाढी चार दिवसांची वाढली होती.

"ओळखीची चिप का नाही तपासलीस?" बाईंनी विचारलं, आणि उत्तर त्यांनीच दिलं. "तपासणार कुठून? बसवलीच नव्हती. बसवायची तर बेशुद्ध करायला लागलं असतं, आणि थोरलीच्या वयात तो धोका नको म्हणून मीच पुढं ढकलत राहिले. अस्वलं दोनच, म्हणून धाकटीलाही बसवली नाही. पुढं सांग."

डॉक्टरने सांगितलं ते असं. अस्वलघरात शेजारीशेजारी दोन खोल्या. डावीवर थोरलीची पाटी, उजवीवर धाकटीची. सोमवारी सकाळी उजव्या खोलीला पिंजरा लावला, मादी पिंजऱ्यात गेली, गाडी निघाली. मामा फाटकापर्यंत गाडीसोबत चालत गेले आणि तिथूनच बसस्टँडवर. मंगळवारी सकाळी नऊ वाजता डॉक्टर डाव्या खोलीपाशी गेला. खोलीवर पाटी थोरलीची, रजिस्टरात नोंद थोरलीची. दोघीही काळ्या, दोघींच्याही छातीवर पांढरा पट्टा, आणि अंगावर केस एवढे की वाळलेली कोण आणि भरलेली कोण ते कळू नये.

"डोळे?"

"बघितले ना. स्वच्छ होते. पण थोरलीचे डोळे वरून स्वच्छच दिसतात, आतला पडदा गेलाय, असं तुम्हीच लिहून ठेवलं होतं."

बाईंनी मान हलवली. लिहिलं होतं खरं.

"मग?"

डॉक्टर पायरीच्या कडेचं सिमेंट नखाने खरवडत राहिला. "मॅडम, मी लांबून बंदुकीनं भुलीची सुई मारणार होतो. बंदूक पेटीतच होती. मी साधी सिरिंज भरून बघत होतो, तेवढ्यात ती कोपऱ्यातून उठली. सरळ माझ्याकडं आली आणि गजाला अंग टेकून उभी राहिली. हलली नाही. जसं तिला कळलंच होतं. म्हातारी आहे, थकलीय, सोडव म्हणतेय, असं वाटलं मला. मी हातानंच भूल दिली. ती गाढ झोपली, मग शेवटची सुई. मी घरी जाऊन रडलो."

"रडायला काय झालं? काम तर नीट केलंस," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. पण त्याच्या सांगण्यातलं काहीतरी त्यांना खटकलं होतं, आणि ते काय हे लगेच सापडेना.

त्या अस्वलघराकडे निघाल्या. वाटेत वाघाचं आवार लागलं, रिकामं. त्यापुढं लांडग्यांचं, तेही रिकामं. मोठी जनावरं शहरातल्या काँक्रीटमध्ये ठेवायची नाहीत असं ठरल्यापासून एकेक गाडी निघत होती, आणि त्यांच्या जागी पाखरं, कासवं, साळिंदरं येत होती. ठरावावर बाईंचीही सही होती आणि ठराव चांगलाच होता. तरी रिकाम्या गजांसमोरून जाताना त्या मान वर करीत नव्हत्या. निवारा केंद्रात या वर्षी अस्वलासाठी जागा एकच होती. धाकटीपुढं दहा-पंधरा वर्षं होती म्हणून ती जागा धाकटीला. थोरली दिवसरात्र कण्हायची. तिला अजून तीन महिने तसंच ठेवायचं की सोडवायचं, यावर समितीने हात वर करून मत दिलं होतं.

अस्वलघरात फिनेलचा वास भरला होता. उजवी खोली धुऊन तिथं दोन मोठे पोपट आणून ठेवले होते. ते इतके गप्प होते की कोणी सांगेपर्यंत बाईंना दिसलेच नाहीत.

३

तिथं झाडू मारत असलेली बाई पक्षी विभागातून आलेली होती, म्हणून तिचं नाव पाखरंवाली पडलं होतं. मामा दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते, त्यांच्या हाताखाली शिकायला तिला आठवड्यापूर्वी इकडं टाकलं होतं. ती बोलायला लागली की थांबत नसे, आणि आज तर तिला पाचावर धारण बसली होती.

"बाई, आईशप्पथ, मला दोघीतला फरक कळत नव्हता. मामा सकाळी सातला येऊन जवळचं सगळं काम स्वतः करायचे. मी यायची नऊला. बादली खिडकीतून आत सरकवायची, एवढंच माझं काम. डावीकडं लगदा, उजवीकडं कणसं."

"सोमवारी संध्याकाळी डावीकडं काय दिलंस?"

"लगदाच की. उकडलेली रताळी कुस्करून. पण तिनं तोंड नाही लावलं. नुसतं हुंगलं आणि बादली उलटी करून टाकली. मग सारखी दाराकडं बघत येरझाऱ्या घालत होती. मला इतकं वाईट वाटलं! म्हटलं, सोबतीण गेली म्हणून शोक करतेय. तसं मी डॉक्टरांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, खाणंही सोडलंय, म्हणजे आता थांबण्यात अर्थ नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. बारा वर्षांचं धडधाकट अस्वल, दातांना कडकडून चावायला काही हवं असलेलं, आणि पुढ्यात म्हातारीचा लगदा. उपाशी राहिली बिचारी, आणि तिचं ते उपाशी राहणंच तिच्या अंगाशी आलं.

"दाराकडं बघत होती म्हणालीस?"

"हो. कोणी आलं की मान वळवायची."

"आंधळं अस्वल?"

पाखरंवालीचा झाडू थांबला. तिचं तोंड उघडं राहिलं.

दवाखान्याच्या पायरीवर काय खटकलं होतं, ते बाईंना आता सापडलं. डॉक्टरच्या हातात सुई दिसली आणि अस्वल उठून आलं. थोरलीला सुई दिसली असती कशी? आणि दिसली असती तरी थोरली पुढं आली नसती. तिला न दिसणारा हात अंगाला लागला की ती किंचाळायची. गजाला अंग टेकून सुई घ्यायला शिकली होती ती एकटी धाकटी. मामांनी दोन वर्षं खपून तिला शिकवलं होतं, म्हणजे भुलीची बंदूक नको, धावाधाव नको, भीती नको. बाईंनी स्वतः तिला तशा चार लशी दिल्या होत्या. या कामाचं समितीने तोंडभर कौतुक केलं होतं.

म्हणजे सोमवारी सकाळी गाडी लागण्याआधीच दोघींच्या खोल्या बदलल्या होत्या. रविवारी संध्याकाळी खोल्या धुताना दोघींना मागच्या अंगणात सोडत, आणि मग हाक मारून एकेकीला आत घेत. ती हाक मारणारा माणूस एकच होता.

बाई कचेरीत परतल्या तेव्हा अधीक्षक वाटच पाहत होते. बाईंनी एकच प्रश्न विचारला. "सोमवारी ती पिंजऱ्यात गेली कशी?"

"अगदी शहाण्यासारखी. मामा पिंजऱ्याच्या पलीकडून लोखंडावर कडी वाजवत राहिले, आणि ती मान खाली घालून आवाजामागं चालत गेली. मी तर मामांची पाठ थोपटली."

"डोळस अस्वलाला कडी कशाला वाजवायला लागते, असं नाही वाटलं तुम्हाला?"

अधीक्षकांचा चेहरा उतरला, आणि मग हळूहळू उजळला. ते उजळणं बाईंना मुळीच आवडलं नाही.

"म्हणजे मामांनीच केलं! त्यांना कुठून तरी सुईची कुणकुण लागली. थोरलीवर त्यांचा जीव. तिला वाचवायला त्यांनी धाकटीला सुईपुढं उभं केलं आणि स्वतः बहिणीकडं निघून गेले. बाई, ही चूक नाही, हा सरळ खून आहे. निलंबन काय, मी पोलिसांना बोलावतो."

बाईंना त्यांचं थोबाड बंद करावंसं वाटलं. पण हिशेब जुळत होता. घड्याळात सव्वादोन झाले होते. मामांना सुईची बातमी दिली कोणी, एवढंच आता शोधायचं राहिलं होतं.

४

बातमी फुटायची तर ती कोठीतच फुटणार, असा बाईंचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. सगळ्या जनावरांचं खाणं तिथं शिजायचं, आणि सगळ्या माणसांच्या गोष्टीही. कोठीवाला मोठ्या पातेल्यात भोपळा ढवळत उभा होता. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने विभागवार यादी लिहिलेली, त्यातल्या अर्ध्या ओळी पुसलेल्या. वाघ पुसलेला, लांडगे पुसलेले, अस्वलं पुसलेली.

"काय रे, मामांना तू काही बोललास का? थोरलीच्या सुईबद्दल?"

"मला कोण सांगतंय, बाई? मंगळवारी दुपारी लगद्याची बादली भरून पाठवली, तर पाखरंवाली रडत परत घेऊन आली. तेव्हा कळलं मला." कोठीवाल्याने पळी कडेवर आपटली. "आणि मामांना माहीत असतं तर त्यांनी यादी बदलून घेतली असती का?"

"कसली यादी?"

"सोमवारी सकाळी आले होते ना, गाडी निघायच्या आधी. म्हणाले, मी शुक्रवारी परत येतो. शनिवारपासून डाव्या खोलीचा लगदा बंद कर, कच्ची रताळी पाठव, अख्खी, उकडायची नाहीत. आणि कणसं सालासकट. म्हटलं मामा, डोकं ठिकाणावर आहे का? डावीकडं थोरली, तिच्या तोंडात दात नाहीत. तर नुसते हसले. म्हणाले, मी आल्यावर सांगतो सगळं, तोवर साहेबांच्या कानावर घालू नकोस." त्याने फळ्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं बारीक अक्षरात शनिवारची ओळ अजून होती. "मला वाटलं, म्हातारा गाडीच्या गडबडीत बरळतोय. म्हणून सोडून दिलं."

बाई त्या ओळीकडे पाहत उभ्या राहिल्या. भोपळ्याची वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली, ती त्यांनी पुसलीसुद्धा नाही.

डाव्या खोलीत धाकटी आहे हे मामांना पक्कं माहीत होतं, कारण कच्चं रताळं तीच खाऊ शकत होती. आणि ती शनिवारी जिवंत असणार हेही त्यांनी धरूनच चाललं होतं, कारण मेलेल्या अस्वलासाठी कोणी कणसं मागवून ठेवत नाही.

मामांना बातमी कोणीच दिली नव्हती.

५

"तुम्ही मामांना नेमकं काय सांगितलं होतं?" बाईंनी कचेरीचं दार लावून घेत अधीक्षकांना विचारलं. "शब्द न शब्द सांगा."

"जे ठरलं होतं तेच. धाकटीला केंद्रात पाठवतोय, थोरलीला शेवटपर्यंत इथंच ठेवू, तुम्ही दमलाय, चार दिवस बहिणीकडं जाऊन या."

"शेवटपर्यंत इथंच ठेवू."

"हो. म्हणजे तसं खोटंही नव्हतं ते."

"खोटं नव्हतं म्हणूनच त्यांना खरं वाटलं." बाई खुर्चीत बसल्या. गुडघा ठणकत होता. "आता ऐका. मामांच्या लेखी दोन अस्वलांना दोन जागा होत्या, एक डोंगरापाशी आणि एक इथं. थोरली रानातून आलेली, धाकटी पिंजऱ्यात जन्मलेली. थोरली फार तर तीन महिन्यांची सोबती. तिला तीन महिने माती मिळू दे, धाकटीला काय, पुढच्या वर्षी केंद्रात जागा वाढल्या की जाईल ती. विचारलं तर आपण नाही म्हणणार, म्हणून विचारलं नाही. खोल्या बदलल्या आणि रजेवर गेले. त्यांनी धाकटीला सुईपुढं उभं केलं नाही. त्यांच्या मते तिथं सुईच नव्हती."

अधीक्षकांनी टेबलावरचा फोन बाजूला सरकवला. पोलिसांची भाषा त्यांच्या डोक्यातून गेली असावी. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "मग ही चूक कोणाची म्हणायची, बाई? मी तर समितीनं सांगितलं तेवढंच केलं. बैठकीत मामांना सांगू नका असं कोण म्हणालं होतं, ते आठवत असेल तुम्हाला."

आठवत होतं. सकाळपासून ती गोष्ट बाईंनी मनाच्या एका कोपऱ्यात सारून ठेवली होती, जशी माणसं न फोडलेलं पत्र उशीखाली ठेवतात. बैठकीत सगळे मूग गिळून बसले असताना डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या, "मामांना आत्ता सांगू नका. त्यांना ते सोसायचं नाही. चार दिवस बाहेर पाठवा, परत आल्यावर मी सांगेन." सगळ्यांना हायसं वाटलं होतं. बाईंना स्वतःलाही वाटलं होतं. सव्वीस वर्षांच्या सोबत्यासाठी आपण एवढं तरी करतोय, असं त्या दिवशी घरी जाताना त्यांच्या मनात आलं होतं, आणि त्याची आता त्यांना लाज वाटली.

त्यांनी कोरा कागद मागून घेतला. तीन वाजून चाळीस मिनिटांनी लेखी अहवाल तयार होता. मामांनी विनापरवाना जनावरं बदलली, हे त्यात होतं. डॉक्टरने घाई केली, हेही होतं. पण पहिल्या ओळीत बाईंनी स्वतःचं नाव घातलं होतं, आणि ज्याच्या हातात जनावर असतं त्याच्यापासून निर्णय लपवला की काय होतं, ते पुढच्या दोन ओळींत लिहिलं होतं. शेवटी थोरलीला केंद्रातच राहू द्यावं अशी शिफारस.

अधीक्षकांनी कागद वाचला. खणातलं निलंबनाचं पत्र काढून त्यांनी चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

"मामांना मी सांगतो," ते म्हणाले. त्यांच्यातला माणूस कधीमधी असा डोकं वर काढायचा.

"नको. परत आल्यावर मी सांगेन असं म्हटलं होतं मी."

६

मामा मागच्या फाटकातून आले. खांद्यावर झाडाचा वाळका बुंधा, मुळांसकट, त्यांच्या अर्ध्या उंचीचा. एवढ्या लांबून बसच्या टपावर घालून आणलेला. अस्वलघरासमोरच्या बाकावर डॉक्टरीणबाईंना बसलेलं पाहून ते थबकले, आणि मग चोरी पकडलेल्या माणसासारखे ओशाळं हसले. पाखरंवाली दारात बादली घेऊन उभी होती.

"बाई! गुडघा कसाय?" त्यांनी बुंधा खाली ठेवला. "तुम्हाला बोलावलं म्हणजे तिकडून पत्र आलं असणार. मी साहेबांना सांगणारच होतो आज. थोरली नीट पोचली ना?"

"पोचली. गवतावर पडून असते. काल मातीत लोळली, केंद्रातले फोनवर म्हणाले."

"लोळली?" मामांचे डोळे भरून आले. "बघा! मी म्हणत होतो, ती विसरली नसणार. आता काय करायचं ते करा मला, पेन्शन अडवा, काही करा." त्यांनी बुंध्यावर हात थोपटला. "हा धाकटीसाठी. हिला मुळं कुरतडायला फार आवडतात. चार दिवस नुसता लगदा खाऊन चिडली असेल माझ्यावर."

"मामा, बसा."

"आधी तिला देतो हा आणि..."

"मामा, बसा इथं."

ते बसले. बाईंनी सांगितलं. आडवळण घेतलं नाही, आवाज खाली केला नाही. सुई, मंगळवार, डावी खोली, खड्डा. मामा ऐकताना त्यांच्याकडे पाहत नव्हते. धुतलेल्या डाव्या खोलीकडे पाहत होते, आणि मधूनच मान हलवत होते.

"साहेब तर म्हणाले होते, शेवटपर्यंत ठेवू."

"ते माझ्यामुळं म्हणाले. तुम्हाला सांगू नका असं मीच म्हटलं. सोसायचं नाही म्हणून."

"सोसलं असतं की," मामा सावकाश म्हणाले. "थोरलीला सुई द्यायला मी नाही कशाला म्हटलं असतं? रोज कण्हणं ऐकत होतो तिचं. मीच बसलो असतो तिच्यापाशी. फक्त विचारायचं होतं, बाई."

मामांनी बुंध्याच्या मुळांतली माती बोटानं काढली.

"धाकटी झोपेत होती का?"

होती, एवढा एक शब्द बाईंच्या ओठांवर आला. म्हटलं असतं तर मामांनी विश्वास ठेवला असता, आणि दोन महिन्यांनी निवृत्त होऊन तो शब्द उराशी धरून उरलेले दिवस काढले असते. पण असल्याच एका मायेच्या शब्दाने हा सगळा घोळ झाला होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "जागी होती. डॉक्टरच्या हातात सुई दिसली आणि स्वतःहून उठून आली. गजाला टेकून उभी राहिली, तुम्ही शिकवलं तशी. नंतर झोपली. दुखलं नाही तिला."

मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग त्यांनी दारातल्या पाखरंवालीकडे पाहिलं.

"मग मध दिलास का तिला?"

"कसला मध, मामा?"

"टेकून उभी राहिली, सुई घेतली, की बोटभर मध चाटवायचा असतो. त्याच्यासाठी तर ती येते." त्यांचा आवाज अगदी साधा होता, काम समजावून सांगतानाचा. "नाही दिला?"

पाखरंवालीने मान हलवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अरेरे," मामा म्हणाले. "म्हणजे झोप येईपर्यंत ती तोंड पुढं करून उभी राहिली असणार."